मानेत वायर बसवली की रोज शॉक बसणार का?

हा प्रश्न निफाडकडच्या एका वडिलांनी मला विचारला. त्यांची मुलगी वैशाली, वय २६. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) शाळेत असल्यापासून तिला फिट येतात. आधी भगत झाला, मग नाशिकचे डॉक्टर, मग एकामागून एक गोळ्या बदलल्या. तीन औषधं पूर्ण डोसमध्ये घेऊनही फिट थांबेनात, तेव्हा मुंबईच्या न्यूरोलॉजिस्टनी व्हीएनएस (व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशन) सुचवलं. मानेतून मेंदूशी जोडलेल्या व्हेगस नावाच्या नर्व्हला एक बारीक वायर गुंडाळायची आणि छातीत कातडीखाली छोटं मशीन बसवायचं. गावी पोहोचेपर्यंत त्याचं 'पोरीला रोज शॉक देणार' असं झालं होतं.

ही भीती माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांत असते, म्हणून सविस्तर लिहिते.

सिनेमात दाखवतात त्या शॉकशी याचा संबंध नाही. आणि खरी शॉक ट्रीटमेंटसुद्धा आज भूल देऊन करतात. तीव्र डिप्रेशनमध्ये ती जीव वाचवते. हे मी वडिलांना मुद्दाम सांगितलं, कारण एका उपचाराची भीती घालवताना दुसऱ्याची वाढवणं मला पटत नाही. व्हीएनएसमध्ये मेंदू उघडत नाहीत. मशीन दिवसरात्र ठरावीक अंतराने त्या नर्व्हला सौम्य करंट देतं, बहुधा ३० सेकंद चालू आणि ५ मिनिटं बंद. वायर डाव्या बाजूला बसवतात, कारण उजव्या व्हेगसचा हृदयाच्या ठोक्यांशी जास्त संबंध असतो. करंट अगदी कमीपासून सुरू करून डॉक्टर बाहेरूनच हळूहळू वाढवतात. तेवढ्या सेकंदांत आवाज घोगरा होणं, खोकला येणं, घशात खवखवणं असे त्रास होतात. बऱ्याच जणांना ते पुढे कमी जाणवतात.

"म्हणजे आमच्या आबांच्या पेसमेकरसारखं?" वडिलांनी विचारलं. बसवण्याच्या बाबतीत हो, असं मी म्हटलं. त्यांचा चेहरा सैल झाला. पण आईंचा पुढचा प्रश्न अवघड होता: "मग फिट पूर्ण जातील ना?"

इथे गोड बोलून चालत नाही. अमेरिकेत १९९७ पासून हा उपचार औषधांना न जुमानणाऱ्या फिट्ससाठी मान्य आहे, त्यामुळे अनुभव पुष्कळ जमा झालाय. वर्ष-दोन वर्षांत साधारण निम्म्या रुग्णांच्या फिट अर्ध्याने किंवा त्याहून जास्त कमी होतात. पूर्ण थांबतात अशी माणसं थोडी. गोळ्या चालूच राहतात. काही वर्षांनी बॅटरी संपली की पुन्हा छोटं ऑपरेशन लागतं. खर्च लाखांत जातो. वडील द्राक्षबागेवर कर्ज काढायच्या तयारीत होते. मी त्यांना म्हटलं, "काका, कर्जाआधी डॉक्टरांना एक विचारा. फिट जिथून सुरू होते तो मेंदूचा भाग ऑपरेशनने काढता येण्यासारखा आहे का, हे व्हिडिओ ईईजी (फिट कॅमेऱ्यात टिपत मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवणारी तपासणी) आणि एमआरआयवरून तपासून झालंय का?" ज्यांना ते ऑपरेशन शक्य असतं, त्यांच्यातल्या अनेकांच्या फिट पूर्ण थांबू शकतात. व्हीएनएसचा विचार मुख्यतः त्यानंतर येतो. वैशालीची तपासणी झाली होती. फिट दोन्ही बाजूंनी सुरू होत होत्या, त्यामुळे तो मार्ग बंद होता. हे कळल्यावर घरच्यांच्या मनातली 'डॉक्टर मशीन विकतायत' ही शंका गेली.

इतका वेळ वैशाली गप्प होती. मी आईवडिलांना बाहेर बसायला सांगितलं.

ती म्हणाली, "मॅडम, हे मशीन डिप्रेशनलाही लावतात, असं मी मोबाइलवर वाचलं. मग मला बरं वाटलं तर ते माझं बरं वाटणं असेल, की मशीनचं?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. तिचं वाचन बरोबर होतं. २००५ मध्ये अमेरिकेत, चार किंवा जास्त उपचारांनी फरक न पडलेल्या डिप्रेशनसाठीही याला मान्यता मिळाली. पण मशीन हसू निर्माण करत नाही. मनावर परिणाम होतोच असं नाही, आणि झाला तरी त्याला कित्येक महिने, कधी वर्ष लागतं. मी तिला विचारलं, "थायरॉइडची गोळी घेऊन आईचा थकवा गेला, तर तो उत्साह कोणाचा?" ती थोडं हसली. मग म्हणाली, "खरं सांगू? सकाळी उठावंसंच वाटत नाही. कधी वाटतं, झोपेतच संपलं तर बरं."

फिट्स असलेल्या माणसांत डिप्रेशन बरंच आढळतं, आणि घरचे ते 'आजारामुळे कंटाळलीय' म्हणून सोडून देतात. अशा विचारांसाठी मशीनची वाट पाहायची नसते. तिच्या संमतीने त्याच आठवड्यात तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा नंबर तिच्या आणि आईच्या, दोघींच्या फोनमध्ये सेव्ह करून घेतला.

ऑपरेशनचा निर्णय मी तिच्यावर सोडायला लावला. आत्याबाईंना तो मान्य नव्हता. "लग्नात काय सांगायचं, गळ्यावरची खूण कशी लपवायची?" असं त्या म्हणत होत्या. फिट असणं हे हिंदू विवाह कायद्यात लग्नाला अडथळा मानलं जायचं. ती तरतूद १९९९ मध्ये काढून टाकली, हे मी त्यांना सांगितलं. आणि लपवू नका, हेही. लपवून केलेल्या लग्नात मुलगी गोळ्या चोरून घेते, चुकवते, आणि फिट वाढतात. हे मी पाहिलेलं आहे.

ऑपरेशनआधी वैशालीकडून एका वहीत लिहून घेतलं: काय झालं तर मी म्हणेन की उपयोग झाला? तिने लिहिलं, 'फिटनंतर दिवसभर झोपून राहावं लागू नये. पिंपळगावला एकटीने बसने जाता यावं. भजनात गाता यावं.' फिट शून्य, असं तिने लिहिलं नाही.

आता वर्ष उलटून गेलंय. फिट येतात, पण कमी आणि छोट्या. सुरुवात जाणवली की ती किंवा आई छातीवरून मॅग्नेट फिरवते, म्हणजे मशीन जादा करंट देतं. काही वेळा फिट तिथेच ओसरते. भजनाच्या वेळी आवाज घोगरा होतो, म्हणून तेवढ्यापुरतं मॅग्नेट मशीनवर धरून ती करंट थांबवते. हे डॉक्टरांनीच तिला शिकवलंय. डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, आणि मनाला आलेला आराम गोळ्यांचा की मशीनचा, हे डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत. वैशालीला आता त्याची फिकीर उरलेली नाही. बसने ती एकटी जाते. शेततळ्याजवळ मात्र वडील तिला एकटीला जाऊ देत नाहीत, स्कूटी चालवू देत नाहीत, आणि त्यावरून दोघांची वादावादी होते. त्या वादात मी वडिलांच्या बाजूने आहे, हे तिला स्पष्ट सांगितलंय.