डायबेटिक फूटवर थीसिस घेतोयस, तर सुरुवातीलाच हे बघ

विषय चांगला घेतलास. पण ‘मधुमेही पायाची शस्त्रक्रिया आणि धोक्याचे घटक’ एवढ्याने भागणार नाही. नेमकं विचार: कोणाचा पाय कापावा लागतो, कोणाचा वाचतो? आणि कापणं म्हणजे काय, तेही प्रोटोकॉलमध्येच लिही. बोट काढणं आणि गुडघ्याखालून पाय काढणं एकाच रकान्यात टाकलंस, तर उत्तराला अर्थ राहत नाही.

एथिक्स कमिटीची मंजुरी येईपर्यंत एकही पेशंट घेऊ नकोस.

खरा जीव तपासणीत ओत. वॅगनर ग्रेड (पायाची जखम किती गंभीर, याची 0 ते 5 श्रेणी) ड्रेसिंग उघडं असतानाच लिही, संध्याकाळी आठवून नको. संवेदना 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (पायाला टेकवायच्या नायलॉनच्या तंतूने) तपास. घोटा आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढशीलच. पण मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचलं की हे गुणोत्तर खोटं वाढतं. 1.4 च्या वर आकडा आला, तर रक्तपुरवठा उत्तम आहे असं समजू नकोस, पायाच्या अंगठ्याचा दाब बघ. तंबाखू, विडी, अनवाणी चालणं हे केसपेपरवर बहुतेकदा नसतंच. ते शेजारी बसून, घाई न करता विचारावं लागतं.

डिस्चार्जनंतर बरेच जण फिरकत नाहीत, म्हणून घरातल्या एकाचा नंबरही संमती घेऊन लिहून ठेव. जो परत आला नाही, त्याचा पाय ‘वाचला’ म्हणून मोजायचा नाही.

आणि स्टॅटिस्टिशियनला आत्ताच भेट. पाय गमावलेले रुग्ण 30च निघाले, तर रिग्रेशनमध्ये (कोणत्या घटकाचा किती परिणाम, हे काढायच्या गणितात) दहा घटक कोंबता येणार नाहीत, ढोबळमानाने तीन, म्हणजे दर दहा रुग्णांमागे एक.