काट्सेनेलेनबोगन हे आडनाव खरंच ‘मांजराचं कोपर’ यावरून आलं आहे का? आजही ते आढळतं का?

नाही, ते गावावरून आलं आहे, आणि आज ते फारच थोड्या कुटुंबांत उरलं आहे. जर्मनीतल्या ऱ्हाइनलँड-फाल्झ राज्यात काट्सेनेल्नबोगन नावाचं छोटं गाव आहे. आपल्याकडे सातारकर, तसं हे. जर्मनमध्ये शब्दशः अर्थ ‘मांजराचं कोपर’ असाच होतो (जर्मन माणसंही हसतात), पण तो अर्थ गावाच्या नावाचा. ते कसं पडलं यावर एकमत नाही.

आडनाव टिकवलं ते एका ज्यू रब्बी (धर्मगुरू) घराण्यानं. मूळचे याच गावचे मेइर काट्सेनेलेनबोगन १६व्या शतकात इटलीतल्या पादुआचे रब्बी होते. १५६५ मध्ये वारले. पुढे वंशज पोलंड-लिथुआनियात पसरले. मेइर यांचा नातू शाऊल वाल एका रात्रीपुरता पोलंडचा राजा झाला म्हणतात, पण ती दंतकथाच समजा.

आज हे नाव धारण करणारे जर्मनीपेक्षा अमेरिका, इस्राएल अशा ठिकाणी भेटण्याची शक्यता जास्त. स्थलांतर आणि नाझींनी केलेला संहार ही त्याची मोठी कारणं. शिवाय इतकं लांबलचक नाव परदेशात कोण सांभाळणार? काहींनी ते सरळ छाटून ‘बोगन’ वगैरे केलं.

एक सावधगिरी: त्याच गावचं सरदार घराणंही होतं, पण ते वेगळं. त्याचा पुरुष वंश १४७९ मध्ये संपला. त्यामुळे आडनावावरून कुणी स्वतःला त्या सरदारांचा वारस म्हणवत असेल, तर विश्वास ठेवू नका.