केएम, व्हीमॅक्स आणि इनहिबिशनचे प्रकार पाठ न करता लक्षात कसे ठेवायचे?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात, इनहिबिशनचे (एन्झाइम म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन, ते अडवलं जाण्याचे) तीन ग्राफ दरवेळी पाठ करता आणि पेपरात नेमकी त्यांची अदलाबदल होते. होणारच. एक दिवस ग्राफ बाजूला ठेवा आणि प्रत्येक इनहिबिटरला, म्हणजे एन्झाइमला अडवणाऱ्या पदार्थाला, एकच प्रश्न विचारा: सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) वाढवत नेलं तर तुझ्यामुळे झालेला तोटा भरून निघतो का?

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे, तेव्हा उदाहरण उसाचंच घेतो. मूळ उदाहरणही तेच आहे. १९१३ साली बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेन्टेन यांनी ज्या एन्झाइमवर काम केलं ते इन्व्हर्टेज, आणि सबस्ट्रेट सुक्रोज, म्हणजे आपली साखर. तोडलेला ऊस फडातच पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. त्यात जंतूंचा वाटा असतोच, पण उसातलं स्वतःचं इन्व्हर्टेजही सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करत बसलेलं असतं. सुक्रोजचं द्रावण ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवतं, फुटल्यानंतरचं मिश्रण डावीकडे. मायकेलिस-मेन्टेननी पोलरिमीटरमध्ये हा बदलणारा कोनच मोजला. आम्ही रसाचा पोल (साखरेचं प्रमाण) काढतो तोही सुक्रोजच्या याच गुणावर.

त्यांच्या आधी व्हिक्टर आंरी यांनी १९०३ मध्ये जवळपास हेच समीकरण मांडलं होतं. मायकेलिस-मेन्टेनचं मोठेपण मोजण्याच्या शिस्तीत आहे. बफर घालून पीएच धरून ठेवला आणि सुरुवातीचाच वेग घेतला. सुरुवातीचाच का? कारण जरा वेळ गेला की सबस्ट्रेट संपत येतं आणि तयार झालेला माल एन्झाइमला अडवायला लागतो. फ्रुक्टोज स्वतःच इन्व्हर्टेजच्या आड येतं. तुमच्या प्रॅक्टिकलला यीस्टचं इन्व्हर्टेज असेल, तर ॲसिटेट बफरमध्ये सुक्रोज घेऊन ठरलेल्या वेळी डीएनएसए (ग्लुकोज-फ्रुक्टोजबरोबर रंग बदलणारं रसायन) टाकायचं, उकळत्या पाण्यात नळ्या ठेवायच्या, पिवळ्याचा विटकरी लाल रंग झाला की ५४० नॅनोमीटरला रीडिंग. डीएनएसए अल्कलाइन असतं, त्यामुळे ते पडताच एन्झाइम थांबतं. म्हणून सगळ्या नळ्यांत ते सारख्याच वेळाने पडलं पाहिजे. इथे एखादी नळी अर्धा मिनिट मागे राहिली तर पुढचं सगळं गणित वाया.

आता वक्र. सबस्ट्रेट थोडं असताना ते दुप्पट केलं की वेगही जवळजवळ दुप्पट होतो. भरपूर असताना काहीच फरक पडत नाही, कारण सगळी एन्झाइम आधीच कामाला लागलेली असतात. कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टरची रांग कितीही वाढली तरी मिल तिच्या क्षमतेएवढाच ऊस गाळते, तसं. ती कमाल म्हणजे व्हीमॅक्स. जेवढ्या सबस्ट्रेटला वेग तिच्या निम्मा होतो तो केएम. समीकरण: वेग = व्हीमॅक्स × सबस्ट्रेट ÷ (केएम + सबस्ट्रेट).

व्हीमॅक्स १०० आणि केएम २ मिलिमोलर धरा. सबस्ट्रेट २ असताना वेग ५०. १८ केलं की ९०. आणि ९९ गाठायला? १९८ लागतं! कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः करा, हा वक्र शेवटी किती चिवट आहे ते हाताला कळलं पाहिजे. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. केएम म्हणजे एन्झाइमची सबस्ट्रेटशी ओढ, असं सरसकट लिहू नका. ब्रिग्ज आणि हाल्डेन यांनी १९२५ मध्ये दाखवलं की केएममध्ये माल तयार होण्याचा वेगही मिसळलेला असतो. तो वेग फार कमी असेल तेव्हाच केएम ओढीचं माप ठरतो. (हे हाल्डेन म्हणजे नंतर १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले आणि भुवनेश्वरला वारले तेच.)

आता याच एन्झाइमला इनहिबिटर द्या. त्याचं प्रमाण त्याच्या केआयएवढं (केआय म्हणजे इनहिबिटर एन्झाइमला किती घट्ट धरतो ते सांगणारा आकडा) घ्या, म्हणजे १ + इनहिबिटर ÷ केआय हा गुणक सरळ २ येतो.

कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटर सबस्ट्रेटच्याच जागेवर बसतो. केएम दुप्पट, म्हणजे ४. सबस्ट्रेट २ ला वेग ५० वरून ३३ वर येतो, एक तृतीयांश तोटा. पण १९८ ला वेग ९८, मूळ ९९ होता. सबस्ट्रेटची गर्दी झाली की इनहिबिटरला जागाच मिळत नाही, तोटा पुसला जातो.

नॉनकॉम्पिटिटिव्ह दुसरीकडे कुठेतरी बसतो, एन्झाइम रिकामं असो वा भरलेलं, त्याला फरक पडत नाही. व्हीमॅक्स निम्मा, केएम तसाच. वेग २ ला २५ आणि १९८ ला साडेएकोणपन्नास. दोन्हीकडे बरोबर निम्मा तोटा. केएमही हलला तर त्याला मिक्स्ड म्हणतात, आणि प्रत्यक्षात शुद्ध नॉनकॉम्पिटिटिव्हपेक्षा मिक्स्डच जास्त भेटतात.

अनकॉम्पिटिटिव्ह सगळ्यांना नडतो. तो रिकाम्या एन्झाइमला शिवतही नाही, सबस्ट्रेट बसल्यावरच येऊन चिकटतो. व्हीमॅक्स निम्मा आणि केएमही निम्मा, म्हणजे १. वेग २ ला परत ३३, १९८ ला जेमतेम ५०. इथे सबस्ट्रेट वाढवलं तर तोटा एक तृतीयांशावरून निम्म्यावर गेला, कारण त्याला चिकटायला आपणच जागा वाढवून दिली.

म्हणजे सबस्ट्रेट वाढवल्यावर पहिल्यात तोटा घटतो, दुसऱ्यात तेवढाच राहतो, तिसऱ्यात वाढतो. आणि २ मिलिमोलरला पहिल्या व तिसऱ्याचा आकडा हुबेहूब एकच आला, तेही बघा. एका रीडिंगवरून इनहिबिटरचा प्रकार सांगता येत नाही तो यामुळेच.

लाइनवीव्हर-बर्कच्या रेषा (वाय अक्षावर १ ÷ वेग, एक्स अक्षावर १ ÷ सबस्ट्रेट) आता आपोआप येतात. वाय अक्षावर सबस्ट्रेट अनंत असतं. तिथे कॉम्पिटिटिव्हचा तोटा शून्य, म्हणून रेषा वाय अक्षावर भेटतात. रेषा एक्स अक्षाला कुठे छेदते ते केएमवर ठरतं; नॉनकॉम्पिटिटिव्हला केएम बदलत नाही, म्हणून एक्स अक्षावर. अनकॉम्पिटिटिव्हला केएम आणि व्हीमॅक्स एकाच प्रमाणात घटतात, उतार (केएम ÷ व्हीमॅक्स) तोच राहतो, म्हणून समांतर. १९३४ चा हा ग्राफ पेपरासाठी उत्तम. खरा डेटा असेल तर त्यावर केएम काढू नका, सर्वांत कमी सबस्ट्रेटच्या रीडिंगमधली चूक तो फुगवून दाखवतो. संगणकावर सरळ वक्रच बसवा.

पेपरात उदाहरणं विचारली तर दोन चांगली देतो. विषारी दारूतल्या मिथेनॉलचं अल्कोहोल डिहायड्रोजनेज फॉर्माल्डिहाइड करतं, पुढे फॉर्मिक ॲसिड होतं आणि दृष्टी जाते. दवाखान्यात फोमेपिझोल हे औषध देतात, ते मिथेनॉलच्या जागेवर बसतं. ते नसेल तर मोजून इथेनॉल देतात. ते त्याच एन्झाइमचं दुसरं सबस्ट्रेट आहे, पण तेही मिथेनॉलला जागा मिळू देत नाही. दुसरं, हुमणी-वाळवीसाठी वापरलं जाणारं क्लोरपायरिफॉस. शरीरात त्याचं ऑक्सॉन होतं आणि ते ॲसिटिलकोलिनएस्टरेज या मज्जातंतूंमधल्या एन्झाइमच्या सेरीनला (त्यातल्या एका अमिनो ॲसिडला) पक्कं बांधलं जातं. हे वरच्या तिन्हींत बसवू नका, हे इर्रिव्हर्सिबल. सबस्ट्रेट कितीही साचलं, आणि विषबाधेत ते साचतंच, तरी बांधलेलं एन्झाइम सुटत नाही. प्रालिडॉक्सिम हे औषध ते सोडवू शकतं, पण वेळेत दिलं तरच; उशीर झाला की बंध बदलून पक्का होतो आणि मग शरीराने नवीन एन्झाइम तयार करेपर्यंत थांबावं लागतं.