जुन्या सॅन स्टॉर्मचे प्लग बदलले तरी मिसिंग जात नाही, काय तपासू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००० सालची सॅन स्टॉर्म, म्हणजे आपल्याकडे बनलेली छोटी फायबर बॉडीची स्पोर्ट्स गाडी, वेंगुर्ल्याला, पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी. आता आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, थरथरते, चढाला धक्के मारते. चारही प्लग नवे टाकल्यावर दोन दिवस बरी चालली, परत तेच मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही.

ती दोन दिवस बरी चालली, यातच खरी खूण आहे. जुने प्लग फेकले नसतील तर उजेडात धरा आणि पांढऱ्या चिनी मातीवर उभी, पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते का बघा. स्पार्क आतल्या टोकाला न पडता बाहेरून चिनी मातीवरून घसरत इंजिनात उतरला की अशी रेघ पडते. तिची जोडरेघ प्लगवायरच्या रबरी बुटाच्या आत असते. नवा प्लग त्याच बुटात घातला की दोन दिवसांत त्याच्यावरही रेघ उमटते. म्हणून रेघ सापडली तर प्लग आणि वायर दोन्ही बदलायचे, बूट पुसून चालत नाही. किनाऱ्यावर हे लवकर होतं, कारण खाऱ्या वाऱ्याचा थर ओल धरून ठेवतो आणि त्यातून करंट वाहतो.

रेघ नसेल तर आधी कोणता सिलिंडर मेला आहे ते शोधा. इंजिन चालू ठेवून पेट्रोल फवारणाऱ्या एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढा. जो काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो मेलेला. चालू इंजिनावर प्लगवायर उपटायची जुनी सवय मात्र सोडा. झटका तर बसतोच, शिवाय स्पार्कला वाट न मिळाल्याने स्पार्क तयार करणाऱ्या कॉइलचं इन्सुलेशन आतून फुटतं.

इंजिन रेनॉचं (आपल्याकडे रेनॉल्ट म्हणतात) डी७एफ आहे, ११४९ सीसी, आठ व्हॉल्व्हचं. रेनॉच्या हिशोबात एक नंबर सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाजूला असतो, टायमिंग बेल्टच्या बाजूला नाही. इथे भले भले फिटर चुकतात. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. डिस्ट्रिब्युटर नाही, १ आणि ४ ला एकाच वेळी स्पार्क मिळतो, तसाच २ आणि ३ ला. त्यामुळे १ आणि ४ दोन्ही मेले असतील तर कॉइल किंवा तिचा कनेक्टर. २ आणि ३ मेले तर घाई नको: ते शेजारी आहेत, मधला हेड गॅस्केटही गेलेला असू शकतो. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. दोघांचं बाकीच्यांपेक्षा बरंच खाली असेल तर कॉइलवर पैसे घालू नका.

एकच सिलिंडर मेला असेल तर त्याचा प्लग दुसरीकडे लावा. दोष प्लगबरोबर गेला की संपलं. नाही गेला तर वायर. मल्टिमीटरवर चारही वायरींचा रेझिस्टन्स मोजा, मोजताना वायर हलवा. लांब वायरीचा थोडा जास्त येणारच, पण एखादीचा आकडा उड्या मारत असेल किंवा काहीच दाखवत नसेल तर ती गेली. घ्यायच्या तर चारही घ्या. रात्री दिवे घालवून, बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून वायरींवर कुंडीच्या फवाऱ्याने साधं पाणी मारून बघा. गळती असेल तिथे निळे ठिपके नाचतात. हात लांब ठेवा.

आता अर्थिंग. माझ्या मते या गाडीत निम्मी भुतं इथेच राहतात. बॉडी फायबरची, तिच्यातून करंट परत येत नाही, सगळी भिस्त वायरींवर. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावून कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास ठीक, ०.५ च्या वर गेलं तर अर्थिंगच्या पट्टीची थिंबल (टोकाची धातूची कडी) सोडवा, हिरवी बुरशी पॉलिश पेपरने चकचकीत काढा, आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. (खोबरेल नको. ते केसांना.)

प्लग परत बसवताना: इंजिन थंड हवं, कारण हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना आटे निघून येतात. काढण्याआधी खड्ड्यातली तांबडी माती सायकलच्या पंपाने उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये. गॅप ०.९ मिमी, फिलर गेजने तपासा. पेटीतला नवा प्लग बरोबरच असतो असं धरू नका. आट्यांची लांबी जुन्याशी जुळवा. प्लगच्या डोक्यावर पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा चढवून हाताने फिरवा. आटे वाकडे धरले तर पाइपच घसरतो, हेड वाचतं. हाताने घट्ट झाला की नव्या वॉशरला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे. टॉर्क पाना असेल तर २५ न्यूटन मीटर. बुटाच्या तोंडाशी आत सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा.

पार्ट मागताना स्टॉर्मचं नाव घेऊन उपयोग नाही, दुकानदार हसेल. डी७एफ इंजिन, ट्विंगो किंवा क्लिओचं, असं सांगा आणि जुना नमुना बरोबर न्या.

एवढं करूनही गाडी थंड असताना नीट चालते आणि तापल्यावरच अडखळते किंवा बंद पडते, असं असेल तर गिअरबॉक्सच्या घंटेवर (इंजिनाला जोडलेल्या फुगीर भागावर) बसलेला क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनाचं फिरणं ओळखणारा सेन्सर, काढा. त्याच्या टोकाला लोखंडाचा चुरा चिकटतो आणि कनेक्टरच्या पिना गंजतात. दोन्ही साफ करून मगच नवीन घ्यायचा विचार करा.