कंसातलं वाक्य

प्रिय कोथरूडच्या आई,

लेक टीवायला, हुशार, नाकीडोळी नीटस, फक्त डोळे बारीक, 'सासरच्या वळणाचे'. पापणीला घडी नाही म्हणून सदा झोपेतून उठल्यासारखी दिसते. पुढच्या वर्षी वधू-वर मंडळात नाव घालायचंय, त्याआधी पापण्यांचं ऑपरेशन करून घ्यावं का, असं तुम्ही विचारता. डेक्कनच्या एका क्लिनिकमध्ये शनिवारची वेळही घेतलीत, एफडी मोडायची तयारी आहे. आणि या सगळ्याच्या मध्ये, कंसात: 'तिला विचारलं, तर तुला हवं तर कर म्हणाली.'

मला त्या कंसाबद्दलच बोलायचंय.

अहो, हा होकार नव्हे. ब्लाउजचा गळा इंचभर खोल झाला तर शिंप्याशी अर्धा तास हुज्जत घालायचं तिचं वय. ती स्वतःच्या पापणीवर सुरी चालवायची गोष्ट चार शब्दांत उडवते, तेव्हा तिने तुमच्याशी वाद घालणंच सोडलेलं असतं. कधीपासून, तेही तुमच्याच पत्रात आहे. पाचवीपासून प्रत्येक फोटोआधी 'डोळे मोठे कर', गॅदरिंगला काजळ कानाकडे ओढून लावणं, पासपोर्टचा फोटो दोनदा काढायला लावणं. शाळेत तिला कोणी चिडवल्याचा मात्र पत्रात उल्लेख नाही. मी शोधला.

नवऱ्याच्या घरचे डोळे तुम्हाला खटकतात, ते एक वेळ समजू शकते. त्याचा हिशेब लेकीच्या चेहऱ्यावर कशाला?

ऑपरेशन काही नवलाचं नाही. जपानात मिकामो नावाच्या डॉक्टरांनी १८९६ मध्येच अशा शस्त्रक्रियेची नोंद केली होती, पूर्व आशियात ती सर्रास होते. पापणी बधिर करून चीर द्यायची आणि त्वचा आतल्या थराला टाक्यांनी अशी बांधायची, की डोळा उघडताना घडी पडेल. टाके साधारण आठवड्यात निघतात, सूज काही आठवडे राहते, घडीला खरा आकार यायला काही महिने जातात. कधी डोळे कोरडे पडतात, कधी दोन्हीकडच्या घड्या जुळत नाहीत, आणि चीर देऊन केलेली घडी नकोशी झाली तर पूर्ववत करणं फार अवघड. मेडिक्लेममध्येही बसत नाही. पापणी बुबुळावर उतरून दिसायला अडथळा होत असेल तर तो आजार, त्याचे उपचार वेगळे. तुमची लेक रात्री बारापर्यंत बारीक टायपातली पुस्तकं वाचते, असं तुम्हीच कौतुकाने लिहिलंय.

शिवाय ती सज्ञान आहे. संमतीपत्रावर सही तिची लागेल, आणि बरा सर्जन असेल तर तुम्हाला गप्प बसवून तिलाच विचारेल, 'तुला काय खटकतं?' तेव्हा ती उत्तरासाठी तुमच्या तोंडाकडे बघेल. ती वेळ येऊ देऊ नका.

उद्या सकाळी क्लिनिकला फोन करून शनिवारची वेळ रद्द करा. ती समोर चहा पीत असताना, तिला ऐकू जाईल असा. पलीकडून कारण विचारलं तर सांगा, 'हौस माझी होती, मुलीने मागितलं नव्हतं.' उद्या तिला स्वतःला वाटलंच, तर ती वेळ घेईल, डॉक्टर निवडेल, पैसेही साठवेल. एफडी राहू द्या.

फोन ठेवल्यावर ती 'का गं?' म्हणेल. समजावत बसू नका. आणि सासरचा विषय तर मुळीच काढू नका.