वाचकांचे प्रश्न : सायकलचा पट्टा मागावा का?

प्रश्न : लक्ष्मीनगर भागातील आमचा रस्ता सिमेंटचा झाल्यापासून गाड्या फारच सुसाट जातात. माझी मुलगी सकाळी शिकवणीला सायकलने जाते. सासूबाई किराणा आणायला पायी निघतात; पण फुटपाथ इतका उंच आहे की विजेच्या खांबाला धरल्याशिवाय त्यांना वर चढता येत नाही, म्हणून त्या रस्त्याच्या कडेनेच चालतात. सायकलसाठी रंगीत पट्टा आखून द्यावा, असा अर्ज आम्ही गल्लीतील मंडळी करणार आहोत. तो योग्य ठरेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : अर्ज जरूर करावा, मात्र पट्ट्याची मागणी त्यात पहिली नसावी, असे आम्हांला मनापासून वाटते. वस्तीतल्या रस्त्यावर नुसता रंगाने आखलेला पट्टा थोड्याच दिवसांत मोटारी उभ्या करण्याची जागा होतो आणि त्या मोटारींना वळसा घालताना मुलांना भर रहदारीत शिरावे लागते. वर्धा रोडसारख्या मोठ्या रस्त्यावर सायकलसाठी दुभाजक घालून वेगळी केलेली वाट हवीच, परंतु तुमच्याकडे खरा धोका वेगाचा आहे. ताशी ५० किलोमीटरने येणाऱ्या चालकाला समोर माणूस दिसून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला, तरी तेवढ्यात गाडी जवळपास १४ मीटर पुढे आलेली असते. वेग ताशी ३० असेल, तर हेच अंतर साधारण ८ मीटर भरते. शिवाय धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने पहिल्या गाडीचा आघात दुसरीच्या पावणेतीन पट असतो.

वेग आवरण्यासाठी अरुंद, उंच गतिरोधक मागू नका. त्याचा दणका चुकवण्यासाठी सायकलस्वार नालीकडच्या फटीतून चाक काढू पाहतात आणि तिथेच घसरून पडतात. त्याऐवजी पायी ओलांडण्याची जागा फुटपाथच्या पातळीपर्यंत उचलून घ्यावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना सौम्य उतार द्यावा. गाडी मंदावते, आणि सासूबाईंना खाली उतरून पुन्हा चढावे लागत नाही. चौकातल्या कोपऱ्यांची गोलाईही कमी करायला सांगा. कोपरा जितका ऐसपैस, तितकी गाडी डावीकडे न थांबता वळते आणि नेमकी तिथेच सरळ जाणारी सायकल तिच्या आड येते.

फुटपाथबाबत तुमची तक्रार रास्त आहे. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या ‘भारतीय रस्ते काँग्रेस’ या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्याची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नसावी आणि चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी. खांब, विजेची डीपी (पेटी), झाडाचा ओटा यांनी अडवलेली जागा या रुंदीत धरता येत नाही. झाडे मात्र तोडू देऊ नका. मे महिन्यातल्या नागपुरात सावलीशिवाय कोण पायी चालेल? पदपथ हा पादचाऱ्यांच्या जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे, त्याचा अर्जात उल्लेख करावा.

अर्ज महापालिकेच्या झोन कार्यालयात देऊन पोच घ्या आणि सोबत मोजमापे जोडा. टेप घेऊन निघाल तेव्हा सासूबाईंना बरोबर न्या; पाय कुठे अडतो ते त्या दाखवतील आणि उंची तिथेच मोजा.