यकृतात दोन गाठी, दोन वेगळे कर्करोग

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय 63 आहे. दीड वर्षापूर्वी त्यांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. आता यकृतात दोन गाठी दिसल्या आहेत. एक आतड्यातून पसरलेली, तर दुसरी यकृताचाच स्वतंत्र कर्करोग, असे डॉक्टर म्हणतात. त्यांना हिपॅटायटिस बी असल्याचे पूर्वीच कळले होते. असे दोन्ही एकत्र होऊ शकते का, की निदान चुकले आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : हे दुर्मीळ आहे, पण होऊ शकते. मोठ्या आतड्याचे रक्त पोर्टल शिरेवाटे थेट यकृतात येते, म्हणून तिथल्या कर्करोगाच्या पेशी बहुधा यकृतातच रुजतात. हिपॅटायटिस बी हा विषाणूचा संसर्ग मात्र वर्षानुवर्षे यकृताला इजा करीत राहतो आणि त्यातून यकृताच्या स्वतःच्या पेशींचा कर्करोग उद्भवू शकतो.

दोन स्वतंत्र कर्करोग म्हणण्यासाठी वॉरेन आणि गेट्स या संशोधकांनी 1932 मध्ये घातलेली अट आजही उपयोगी आहे : दोन्ही गाठी कर्करोगाच्या असाव्यात, परस्परांहून भिन्न असाव्यात आणि एक दुसरीचा प्रसार नसावा. म्हणूनच एका गाठीच्या बायॉप्सीवरून (तुकडा काढून केलेल्या तपासणीवरून) दुसरीचे निदान गृहीत धरू नये, असे माझे ठाम मत आहे. रंगद्रव्य देऊन काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये यकृताची स्वतःची गाठ बहुधा आधी उजळते आणि मग फिकी पडते. आतड्यातून आलेली गाठ सहसा कडेनेच उजळते. रक्तातील एएफपी (यकृताच्या कर्करोगात वाढू शकणारे प्रथिन) आणि सीईए (आतड्याच्या कर्करोगात वाढू शकणारे प्रथिन) यांची मदत होते, परंतु ते सामान्य आले म्हणून रोग नाही असे ठरत नाही. शंका उरली, तर दोन्ही गाठींच्या तुकड्यांवर पेशींचे मूळ ओळखणाऱ्या विशेष चाचण्या (यकृतासाठी आर्जिनेज-1, आतड्यासाठी सीके-20 आणि सीडीएक्स-2) झाल्या आहेत का, हे अवश्य विचारा.

उपचारांचा क्रम कर्करोग शल्यविशारद, केमोथेरपीचे तज्ज्ञ आणि यकृततज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवावा, कारण एका कर्करोगाचे औषध दुसऱ्याला पुरेल असे नाही आणि यकृत किती सोसेल यावरही बरेच अवलंबून असते. एक गोष्ट मात्र कृपया विसरू नका : केमोथेरपीत हिपॅटायटिस बीचा विषाणू पुन्हा उसळून यकृत निकामी होऊ शकते, तेव्हा ती सुरू होण्यापूर्वी एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिरसारख्या विषाणूरोधक औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला.

तुम्ही भावंडांनीही हिपॅटायटिस बीची तपासणी करून घ्यावी, संसर्ग नसल्यास लस घ्यावी आणि चाळिशीपासून कोलोनोस्कोपीविषयी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.